तार पोचली होती

आजीची पत्र्याची ट्रंक माळ्यावरून खाली काढायला तुम्हाला दोन उन्हाळे लागले. आत विम्याच्या पावत्या, डांबरगोळ्यांचा वास धरून बसलेलं एक इरकली लुगडं आणि सुतळीनं बांधलेला पत्रांचा गठ्ठा. आजोबा कराडला शाळामास्तर होते. आजी बाळंतपणाला मिरजेला माहेरी गेली, तेव्हाची ही पत्रं. त्यातलं एक पाकीट तुम्ही खिडकीजवळ नेता. कोपऱ्यात नेहमीच्या तिकिटाला खेटून पाच पैशांचं आणखी एक तिकीट आहे, कुटुंबनियोजनाचं. त्या नियोजित कुटुंबाच्या अंगावर कुणीतरी इंग्रजी शिक्का हाणलाय : ‘रिफ्युजी रिलीफ’. पोस्टाचा शिक्का अर्धवट उमटलाय, पण नोव्हेंबर १९७१ एवढं लागतं.

तुमच्या घरात १९७१ म्हणजे डिसेंबर. काचांना चिकटवलेले काळे कागद, भोंगा, तेरा दिवस, आणि शेवटी टेबलाशी बसून शरणागतीवर सही करणारे पाकिस्तानचे जनरल नियाझी. शाळेच्या पुस्तकातही तेवढंच होतं. मग नोव्हेंबरात हे पाच पैसे कशाचे? आजोबा गेले, आजी गेली, विचारायला कुणी उरलेलं नाही. तुम्ही तिकिटावर अंगठा ठेवता. डिंक वाळून त्याची पापडी झालीय.

चला. डोळे आणि कान घेऊन यायला हरकत नाही. हात मात्र इथंच ठेवायचे. कुठलाही कागद उचलता येणार नाही, कुणाची बाही ओढता येणार नाही.

गुरुवार, २५ मार्च १९७१. ढाका, पूर्व पाकिस्तान. मध्यरात्र व्हायला आलीय आणि तुम्ही अमेरिकेच्या कौन्सल जनरलच्या बंगल्याच्या गच्चीवर उभे आहात. जेवायला आलेले पाहुणे घरी जाऊ शकलेले नाहीत, तेही कठड्याशी आहेत. आभाळातून लाल रेघा सरकताहेत. विद्यापीठाच्या बाजूला आग दिसतेय. एक जड, घरघरता आवाज येतो. जवळच उभा असलेला अठ्ठेचाळीस वर्षांचा यजमान तो ओळखतो, कारण रणगाडे त्याच्याच देशात बनलेले आहेत. त्याचं नाव आर्चर ब्लड. खरंच ब्लड. कथेत असं आडनाव ठेवलं असतं तर संपादकानं लाल पेन्सिलनं खोडून परत पाठवलं असतं.

तीन महिन्यांपूर्वी पाकिस्तानात निवडणूक झाली होती. पूर्वेकडच्या १६२ जागांपैकी १६० शेख मुजीबुर रहमान यांच्या अवामी लीगला मिळाल्या, म्हणजे अख्ख्या देशाचं बहुमत. ते मान्य केलं तर इस्लामाबादची सत्ता बंगाल्यांकडे जाणार. वाटाघाटींचा देखावा करून राष्ट्राध्यक्ष जनरल याह्या खान त्याच संध्याकाळी गुपचूप पश्चिमेला उडाले, आणि रात्री लष्कर बराकीतून बाहेर पडलं. इक्बाल हॉल, हिंदू मुलांचं वसतिगृह असलेला जगन्नाथ हॉल, प्राध्यापकांची घरं. दुसऱ्या दिवशी जुन्या ढाक्यातला शाँखारी बाजार. ही शंख कापून बांगड्या करणाऱ्यांची गल्ली, इतकी अरुंद की समोरासमोरच्या दोन खिडक्यांतून वाटीभर साखर देता यावी. तिथं काय झालं ते तुम्ही बघता, आणि मी ते इथं लिहीत नाही.

परदेशी वार्ताहरांना इंटरकॉन्टिनेन्टल हॉटेलात कोंडून, वह्या आणि फिल्मा काढून घेऊन, विमानात बसवून देशाबाहेर काढलं जातं. सायमन ड्रिंग मात्र गच्चीवर लपून राहतो. ३० मार्चला त्याची बातमी लंडनच्या ‘डेली टेलिग्राफ’मध्ये छापून येते. तारीख लक्षात ठेवा. पाचवा दिवस. यापुढे ‘आम्हाला कळलंच नाही’ असं कुणालाही म्हणता येणार नाही.

ब्लड तर त्याच्याही आधीपासून कळवतोय. २८ मार्चच्या त्याच्या तारेचा विषयच आहे ‘निवडक वंशसंहार’. त्याच्या बंगल्यामागच्या नोकरांच्या खोल्यांत बंगाली माणसं लपलेली आहेत, त्यांत हिंदूच जास्त. वॉशिंग्टनहून उत्तर येत नाही. दुसरी तार, तिसरी तार. उत्तर नाही.

मंगळवार, ६ एप्रिल. कौन्सुलेटमध्ये एक वेगळाच मसुदा फिरतोय. तुम्ही टाइपरायटरमागे उभे राहून वाचता. आपल्या सरकारनं लोकशाही चिरडल्याचा निषेध केला नाही, अत्याचारांचा निषेध केला नाही, उलट इस्लामाबादची मर्जी सांभाळण्यासाठी कंबर वाकवली. आणि वंशसंहार हा शब्द ज्याला दुर्दैवानं लागू पडतो अशा गोष्टीला दुसऱ्या देशाचा अंतर्गत मामला म्हणून बाजूला सारलं. खाली वीस जणांची नावं आहेत. सरकारी नोकर आहेत सगळे, घरी हप्ते असतील, मुलांच्या शाळा असतील. ब्लडला हा कागद अडवता आला असता, प्रमुख तोच. तो शेवटी आपल्या चार ओळी घालतो : या पदावर असताना सही करणं मला योग्य वाटत नाही, पण हे मत माझंही आहे. आणि तार जाऊ देतो.

आपल्याकडे तार म्हटली की हातपाय गार पडायचे. उघडण्याआधीच बायका रडायला लागायच्या. ही तार वॉशिंग्टनला कशी उघडली जाते ते बघायला चला.

परराष्ट्रमंत्री रॉजर्स फोनवर आहेत, पलीकडे राष्ट्राध्यक्षांचे सल्लागार हेन्री किसिंजर. रॉजर्स भडकलेले आहेत. तारेत जे लिहिलंय ते खरं की खोटं, यावर बोलणं येतच नाही. राग याचा, की वीस जणांनी असं लेखी दिलं. आणि काळजी याची, की हा कागद आता सिनेटर टेड केनेडींच्या हाती लागणार. तुम्ही कान देऊन ऐकता, मेलेल्यांचा उल्लेख कधी येतो म्हणून. फोन ठेवला जातो.

इतका निगरगट्टपणा कशामुळे? त्याचं उत्तर तीन आठवड्यांनी चालत येतं. २७ एप्रिल, व्हाइट हाउस. पाकिस्तानचे राजदूत आगा हिलाली किसिंजरना भेटायला आले आहेत. त्यांच्याकडे चीनचे पंतप्रधान चाऊ एन-लाय यांचा निरोप आहे : अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांचा खास दूत, हवं तर खुद्द राष्ट्राध्यक्ष, पेकिंगला आले तर स्वागत करू. बावीस वर्षं ज्या देशाशी बोलणं नव्हतं, तिथून आमंत्रण आलंय. आणि ते आणणारा पोस्टमन आहे याह्या खान.

दुसऱ्याच दिवशीच्या, २८ एप्रिलच्या, टिपणात किसिंजर राष्ट्राध्यक्ष निक्सनपुढे पाकिस्तानबाबतचे पर्याय मांडतात. त्या टिपणाच्या तळाशी निक्सनच्या हातची ओळ आहे. सगळ्यांना उद्देशून : सध्या याह्याला पिळू नका. ‘नका’खाली तीन रेघा. तुम्ही त्या रेघांकडे बघत राहता. पहिली सरळ आहे. तिसरी काढताना पेन जोरात दाबलं असावं असं तुम्हाला वाटतं. पण ते तुमचं वाटणं झालं.

पोस्टमनला दुखवायचं नाही, एवढंच हे धोरण. पण हा काही एकुलता एक पोस्टमन नव्हता. रुमानियामार्फतही निरोप जात होते. आणि जुलैच्या मध्यावर चीनचं दार उघडल्यावर पोस्टमनची गरज संपली, तरी धोरण तसंच राहिलं. म्हणून चीनची सबब मी तरी अर्धीच मानतो. उरलेल्या अर्ध्यात एका लष्करशहाबद्दलचं निक्सनचं प्रेम आहे आणि भारताबद्दलचा तिटकारा आहे. त्यांनी आपल्याच कार्यालयात बसवलेल्या ध्वनिमुद्रण यंत्रानं तो तिटकारा शिव्यांसकट टिपून ठेवलाय.

ब्लडची ढाक्याहून उचलबांगडी होते. वॉशिंग्टनला आस्थापना विभागात टेबल मिळतं.

आता थोडं मागं, एप्रिलमध्येच. कोमिल्ला, पूर्व पाकिस्तान. पश्चिम पाकिस्तानातल्या आठ पत्रकारांना लष्करानं दहा दिवस फिरवायला आणलंय, ‘सगळं सुरळीत आहे’ असं लिहिण्यासाठी. सात जण तसं लिहितील. आठवा कराचीच्या ‘मॉर्निंग न्यूज’चा सहायक संपादक, अँथनी मस्करेन्हास. गोव्याच्या ख्रिस्ती कुटुंबातला, शिकला कराचीत, जन्मला मात्र बेळगावात. बेळगाव म्हटलं की आपल्याला एकच वाद आठवतो, त्यामुळे त्या गावानं जगाला दिलेला हा माणूस आपल्या ध्यानातही नाही.

मस्करेन्हासच्या खांद्यावरून तुम्ही बघताय. मार्शल लॉच्या कचेरीत एक मेजर बसलाय. एक सब-इन्स्पेक्टर पोलिसांच्या कोठडीतल्या कैद्यांची यादी पुढे करतो. मेजरच्या हातात पेन्सिल. यादीवरून नजर फिरवत तो चार नावांपुढे खुणा करतो : यांना संध्याकाळी आण, निकाल लावायला. पुन्हा यादीकडे बघतो, पेन्सिल आणखी एकदा हलते : आणि या चोरालाही. टेबलावर शहाळ्याच्या पाण्याचा पेला आहे. पाहुणचार म्हणून पाहुण्यालाही दिलेला. एवढंच घडतं. आवाज चढत नाही, खुर्ची सरकत नाही. ज्यानं हिशेबाच्या वहीत अशाच टिका केल्या आहेत त्याला तो हात ओळखीचा वाटेल.

मस्करेन्हास घरी परततो तो बदललेला. हे लिहिलं नाही तर यापुढे काहीच लिहिता येणार नाही, असं तो बायकोला सांगतो. पण पाकिस्तानात प्रत्येक ओळ लष्कर तपासतं. बहीण आजारी असल्याचं निमित्त काढून मे महिन्यात तो लंडनला जातो आणि ‘संडे टाइम्स’चे संपादक हॅरॉल्ड इव्हान्स यांच्यासमोर बसतो. मार्चमध्ये बंगाली जमावांनी बिहारी मुसलमानांच्या केलेल्या कत्तलीही तो लपवत नाही. पण लष्कर जे करतंय ते ठरवून, पद्धतशीर चाललंय, हे सांगतो. इव्हान्सना पटतं. अट एकच : छापण्याआधी बायको आणि पाच मुलं कराचीतून बाहेर पडली पाहिजेत.

कराची, पहाटेचे तीन. खिडकीवर तारवाल्याची थाप. याच तारेची वाट बघत ती बाई झोपलेली आहे, किंवा झोपलेली नाही. आत एकच वाक्य : ऑपरेशन यशस्वी झालं. ठरलेली खूण. ती मुलांना उठवते. संशय नको म्हणून नवरा मधे परत येतो, कुटुंबाला पुढे पाठवतो, आणि मग पेशावरच्या बाजूनं जमिनीवरून सरहद्द ओलांडून अफगाणिस्तानात उतरतो.

१३ जून, रविवार. मधल्या दोन पानांवर आडवा पसरलेला लेख आणि मथळ्यात एकच शब्द, ‘जेनोसाइड’. या लेखानं मला इतका धक्का दिला की युरोपच्या राजधान्या आणि मॉस्को स्वतः फिरून मी सशस्त्र हस्तक्षेपासाठी जमीन तयार केली, असं इंदिरा गांधींनी पुढं इव्हान्सना सांगितलं. वृत्तपत्राच्या संपादकाला सांगितलेली गोष्ट आहे, थोडं मीठ त्यात असणार. इंदिराबाई एका लेखानं हलणाऱ्या नव्हत्या. पण त्या पानानं काम सोपं केलं, हे खरं.

जुलै. रावळपिंडी. ९ तारखेची पहाट, चकलाला विमानतळ. किसिंजरना पोटदुखी झालीय आणि विश्रांतीसाठी ते नथियागलीच्या थंड हवेत गेलेत, असं जगाला सांगायचंय. मोटारींचा दिखाऊ ताफा डोंगराकडे निघालाही. खरा माणूस टोपी घालून, काळा चष्मा लावून पाकिस्तानी बोइंगच्या शिडीवर आहे. एका स्थानिक बातमीदारानं त्याला ओळखलं, लंडनला बातमीही कळवली, पण तिथल्या संपादकाला वाटलं, गडी प्यालेला दिसतोय, आणि बातमी मेली, असं सांगतात. विमानात एक छोटा घोटाळा होतो. पेकिंगला घालायचे सदरे मागंच राहिलेत. किसिंजर एका उंचाड्या सहकाऱ्याचे मागून घेतात. ढगळ सदरा, आणि आत लेबल : मेड इन तैवान. हा किस्सा ते पुढं स्वतःच हसून सांगतात. तुम्हालाही क्षणभर हसू येतं. हा प्रवास इतिहासातला मोठा प्रवास आहे, हे नाकारू नका. पण त्याच आठवड्यात पूर्वेकडून हजारो माणसं रोज पायी सरहद्द ओलांडतायत, आणि विमान ज्याचं आहे त्याच सरकारपासून पळून ती येतायत.

अमेरिकेतही सगळे गप्प नव्हते, हे सांगितलंच पाहिजे. शस्त्रपुरवठा थांबवल्याचं सरकार म्हणत होतं आणि पाकिस्तानी जहाजं शस्त्रांचे भाग भरून निघत होती. जुलैत बाल्टिमोरच्या बंदरात ‘पद्मा’ नावाचं जहाज आलं तेव्हा काही क्वेकर मंडळी इवल्याशा होड्या वल्हवत त्याच्या आडवी गेली. पोलिसांनी धरलं. पण गोदीतल्या कामगारांनी मालाला हात लावायला नकार दिला.

बनगाव. पश्चिम बंगालच्या सरहद्दीवरचं गाव. जूनपासून पाऊस लागलाय आणि पावसाबरोबर कॉलरा. दोन खोल्यांच्या इस्पितळात जमिनीवर रोगी; डॉक्टर दिलीप महालनबीस त्यांच्या उलट्या-जुलाबांत गुडघे टेकून फिरतायत. सलाइनच्या बाटल्या संपल्यात. तेव्हा ते एक धाडस करतात, ज्याला पुस्तकी वैद्यक अजून नीट मान्यता देत नव्हतं. मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा मोजून पिशव्यांत भरायचा, पिंपातल्या पाण्यात घालायचा आणि नातेवाइकांनाच सांगायचं, पाजत राहा. जिथं शंभरातली तीसेक माणसं मरत होती, तिथं चाराच्या आत आली. आज तुम्ही औषधाच्या दुकानात जलसंजीवनीची पुडी मागता, तिच्यामागं हा चिखल आहे. सगळ्या वर्षात जगानं दिलेलं निर्विवाद असं हेच एक उत्तर मला सापडतं, आणि ते सरकारांच्या टेबलावर तयार झालेलं नव्हतं.

कलकत्त्याबाहेर सॉल्ट लेकच्या छावणीत माणसं सिमेंटच्या मोठ्या नळांत राहतायत. एका नळात एक कुटुंब, तोंडाला पोत्याचा पडदा. ऑगस्टमध्ये केनेडी येऊन हे बघून जातात. पूर्व पाकिस्तानात जायला त्यांना परवानगी नाकारली जाते. वर्षअखेरीपर्यंत निर्वासितांचा आकडा ९८ लाखांच्या पुढं जाईल. यांत बहुसंख्य हिंदू आहेत. वेचून मारलं जातंय ते त्यांनाच. दिल्लीला हे पक्कं ठाऊक आहे, आणि दिल्ली ते मोठ्यानं बोलत नाही, देशात दंगे उसळतील म्हणून. आपलं सरकारही सत्यातला एक तुकडा रुमालाखाली ठेवून होतं. योग्य केलं का? मला वाटतं, केलं. पण ठेवला होता, हे विसरून आपल्याला वॉशिंग्टनकडे बोट दाखवता येत नाही.

दिल्लीचे हेतूही धुतल्या तांदळाचे नव्हते. एप्रिलपासून सरहद्दीवर बंगाली बंडखोरांच्या मुक्तिवाहिनीचं प्रशिक्षण चाललं होतं. पाकिस्तानचे दोन तुकडे होणं कुणाला नको होतं? नद्यांचं पाणी ओसरावं, हिमालयातल्या खिंडी बर्फानं बंद व्हाव्यात म्हणजे चीन येणार नाही, अशी हिवाळ्याची वाट बघितली गेली. ऑगस्टमध्ये सोव्हिएत युनियनशी करार झाला. ही सगळी राजकारणाची गणितं. फरक इतकाच, की या गणिताचं उत्तर आणि बनगावच्या माणसाची गरज एकाच आकड्यावर आली. असं फार क्वचित येतं.

न्यूयॉर्क, डिसेंबर. सुरक्षा परिषदेच्या दालनात नॉर्वेच्या चित्रकाराचं भलं मोठं भित्तिचित्र आहे, राखेतून उठणारा फिनिक्स. त्याच्याखाली घोड्याच्या नालेसारखं टेबल. २५ मार्चपासून पूर्व बंगालसाठी हे टेबल एकदाही भरलेलं नाही. आज ४ डिसेंबर, म्हणजे २५४ वा दिवस, आज भरलंय. कारण काल पाकिस्तानी विमानांनी भारताच्या तळांवर बाँब टाकले आणि दोन राष्ट्रांचं युद्ध सुरू झालं. लष्करानं आपल्याच लोकांना मारणं हा ‘अंतर्गत मामला’ होता. दुसऱ्या देशाचं सैन्य सरहद्द ओलांडून आलं की तो ‘शांततेचा भंग’ होतो. सनदेचं व्याकरणच तसं आहे. भारताचे प्रतिनिधी समर सेन विचारतात, एक कोटी माणसं आमच्यावर लोटली, हे आक्रमण नाही का? अमेरिकेच्या बाजूनं जॉर्ज बुश बसलेत, थोरले. युद्धबंदीच्या ठरावावर सोव्हिएत युनियन नकाराधिकार वापरतं. पुन्हा ठराव, पुन्हा नकार.

मग प्रकरण आमसभेत जातं. ७ तारखेची रात्र. युद्धबंदी करा, सैन्यं मागं घ्या. बाजूनं १०४, विरोधात ११, तटस्थ १०. तुम्हाला धक्का बसतो तो नावं ऐकताना. युगोस्लाव्हिया बाजूनं. इजिप्त बाजूनं. ज्या अलिप्ततेच्या गोष्टी आपण मुलांना नेहरू-टिटो-नासर अशा एका दमात शिकवल्या, त्यातले दोन्ही भिडू पलीकडे. भारताबरोबर सोव्हिएत गट आणि तीनच महिन्यांपूर्वी सभासद झालेला भूतान.

यांचा राग करू नका. त्या बाकांवरून एकदा नजर फिरवा. नायजेरियाचं बियाफ्रा युद्ध संपून दोन वर्षंही झालेली नाहीत. जवळजवळ प्रत्येकाच्या घरात एखादा असा कोपरा आहे, जिथली भाषा वेगळी, लोक वेगळे, आणि राग जुना. फौज पाठवून शेजाऱ्यानं तो कोपरा सोडवणं आज मान्य केलं, तर उद्या आपलं काय? हात वर करताना ते ढाक्याचा विचार करत नाहीत, आपापल्या नकाशाचा करतायत. आपणही कधी मणिपूर-नागालँडचं नाव परक्याच्या तोंडून ऐकलं की असेच ताठ होतो.

त्याच आठवड्यात, त्याच शहरातल्या एका गुप्त घरात, किसिंजर चीनचे राजदूत हुआंग हुआ यांना सुचवतायत की चीननं भारताविरुद्ध काही पावलं उचलली तर इतरांना मधे पडू द्यायला अमेरिका विरोध करील. ‘एंटरप्राइझ’ ही विमानवाहू नौका बंगालच्या उपसागराकडे निघालीय. नऊ महिन्यांत एवढी धावपळ तुम्ही पहिल्यांदाच बघताय. १५ तारखेला पाकिस्तानची बाजू मांडायला आलेले भुट्टो सुरक्षा परिषदेत हातातले कागद फाडतात आणि निघून जातात. १६ ला ढाक्यात टेबल मांडलं जातं. ते चित्र तुमच्या ओळखीचं आहे, तिथं थांबायला नको.

किती माणसं मेली? बांगलादेश ३० लाख म्हणतो. पाकिस्तानच्या चौकशी आयोगापुढे लष्करानं २६ हजार सांगितले. बाहेरचे अनेक अभ्यासक तीन ते पाच लाखांच्या आसपास येतात. मेजरच्या पेन्सिलीला विचारता आलं असतं तर बरं झालं असतं.

ऑगस्ट १९७२ मध्ये बांगलादेश संयुक्त राष्ट्रांत सभासदत्व मागायला येतो. चीन नकाराधिकार वापरतो. पेकिंग सरकारनं त्या टेबलाशी बसून वापरलेला तो पहिलाच नकाराधिकार. पोस्टमनचं ऋण फेडलं म्हणा. सभासदत्व मिळायला १९७४ उजाडलं. ब्लडला राजदूतपद कधीच मिळालं नाही. २००४ मध्ये तो गेला, आणि पुढच्या वर्षी ढाक्यातल्या अमेरिकन सेंटरच्या ग्रंथालयाला त्याच्याच सरकारनं त्याचं नाव दिलं.

परतीच्या वाटेवर एक थांबा राहिलाय. सोमवार, १५ नोव्हेंबर १९७१, कराडचं पोस्ट. सकाळचे साडेदहा. खिडकीपाशी चार माणसं. आत कारकून कुटुंबनियोजनाच्या तिकिटांचा ताव पुढ्यात घेऊन बसलाय. छापील शिक्क्याची तिकिटं अजून आलेली नाहीत, म्हणून तो स्वतःच रबरी शिक्का शाईच्या पॅडवर टेकवून एकेका तिकिटावर मारतोय. काही वाकडे बसतायत. त्याची तर्जनी जांभळी झालीय.

तिसरा माणूस तुमचे आजोबा आहेत. छत्तीस वर्षांचे, तुमच्यापेक्षा लहान. कोटाच्या खिशातून पाकीट काढतात. तुम्ही त्यांच्या इतके जवळ उभे आहात की मानेवरचं टाल्कम दिसतंय.

‘गुरुजी, पाच पैसे अजून.’

‘कसले?’

‘रिफ्युजीचे. आजपासून लागलेत. सगळ्यांनाच आहेत.’

आजोबा खिशात चाचपतात. मोड सापडत नाही. मागचा माणूस चुळबुळतो. शेवटी पाच पैशांचं एक चौकोनी नाणं निघतं, ते ते खिडकीतून सरकवतात, ओलं तिकीट पाकिटावर दाबतात आणि अंगठा तसाच ठेवून उभे राहतात.

‘आणि हे कधीपर्यंत?’

कारकून समोरचं परिपत्रक उलटं करून बघतो.

‘ते काही लिहिलेलं नाही, गुरुजी. पुढचे कोण?’